पेडल भंगारात देऊ नका, पॉट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात तासगावच्या एका वाचकांचं पत्र होतं. वडील हवाईयन गिटार वाजवायचे. ते गेल्यावर गिटार आणि तिचं व्हॉल्यूम पेडल, म्हणजे पायाने आवाज कमीजास्त करायची पट्टी, माळ्यावर पडून राहिलं. आता मुलीला शिकायची हौस आली म्हणून खाली काढलं, तर पेडलवर पाय ठेवला की नुसती खरखर. दोन दुकानांत दाखवलं, दोन्हीकडे ‘जुना माल आहे, भंगारात द्या’ एवढंच उत्तर मिळालं. कुणाला गिटार हवी असेल तर तीही देऊन टाकतो, असा त्या पत्राचा शेवट होता. मी ते पत्र कापून ठेवलं आणि हे लिहायला बसले.

त्या बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे, काही देऊन टाकू नका. पेडलवर पाय ठेवल्यावर खरखर येते आणि पाय स्थिर ठेवला की थांबते, या एवढ्या वर्णनावरून मी सांगू शकते की बहुतेक करून आतला पॉट झिजलाय. पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, आपल्याकडचे रेडिओ मेकॅनिक ज्याला ‘कंट्रोल’ म्हणत आले तोच. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, तीन पायांचा भाग. तो बदलता येतो. मी स्वतः बदललाय, घरच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे हे बोलण्याचा मला काय अधिकार ते कळेल. मी १९८१ साली टेलिफोन खात्यात टेक्निशियन म्हणून लागले आणि २०२०च्या जानेवारीत निवृत्त झाले. आमच्या वेळच्या स्ट्रोजर या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुणी नंबर फिरवला की ‘वायपर’ नावाचे पितळी हात वर चढायचे आणि अर्धवर्तुळात मांडलेल्या संपर्कांवरून सरकत हव्या त्या जागी थांबायचे. वायपर झिजला, मळला की ग्राहकाच्या कानात खरखर. पॉटमध्येही अगदी हेच आहे. कार्बनचा एक पट्टा, त्यावरून सरकणारा एक वायपर. नावसुद्धा तेच. त्यामुळे माझ्या गिटारच्या सरांच्या पेडलमधून पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला.

हवाईयन गिटार मी लग्नाआधीपासून शिकत होते. नोकरी करून शिकवणी, आठवड्यातून दोन संध्याकाळी. सर स्वतः सांगलीतल्या ऑर्केस्ट्रांतून वाजवलेले. त्या काळात सुनील गांगुलींच्या गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघरी ऐकू यायच्या. व्हॅन शिपले आणि हजारासिंग यांचं वाजवणं सर कान लावून ऐकायला लावायचे. ब्रिजभूषण काब्रांनी तर या वाद्यावर शास्त्रीय संगीत वाजवून दाखवलं, त्यांचं नाव घेताना सर कानाची पाळी पकडायचे. मूळ वाद्य हवाई बेटांवरचं. जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने १८८९च्या सुमारास तारांवरून पोलादी तुकडा सरकवून वाजवायची ही तऱ्हा काढली असं मानतात. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी रूळ, उजव्या बोटांत नख्या. पडदे दाबायचेच नाहीत, रूळ सरकवायचा. म्हणून तर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, इतकी सुरेख येते आणि म्हणून आपल्या कानाला ते वाद्य परकं वाटलं नाही.

पण मींड लांबवायची तर स्वर टिकायला हवा, आणि अडचण तिथेच आहे. तार छेडली की पहिल्या क्षणी आवाज सगळ्यात मोठा, मग तो मावळत जातो. गवयाचा स्वर श्वास असेपर्यंत भरलेला राहतो, गिटारचा नाही. इथे पेडल कामाला येतं. तार छेडताना पाय अर्ध्यावर ठेवायचा, आणि स्वर मावळायला लागला की पायाचा पंजा हळूहळू खाली दाबत जायचा. जेवढा स्वर कमी होतो तेवढा पाय वाढवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, स्वर तसाच उभा आहे. तंबोऱ्याला जी आस, म्हणजे टिकून राहणारा नाद, असते ती विजेच्या गिटारला पाय देतो. नखीचा टणका लपवायचा असेल तर छेडताना टाच पूर्ण मागे आणि मग पंजा दाबायचा, म्हणजे सारंगीसारखा स्वर कुठून सुरू झाला ते कळतच नाही. सर म्हणायचे, उजवा हात स्वर काढतो आणि पाय तो गातो. मला हे कळायला तीन वर्षं लागली.

आता या कामाचा पॉटवर काय भार पडतो ते बघा. रेडिओचा आवाज आपण दिवसातून चार वेळा कमीजास्त करतो. संथ गाण्यात गिटारवाल्याचा पाय मिनिटाला दहा वेळा तरी खालीवर होतो. तासाला ६००. रोज तासभर रियाज धरला तर महिन्याला १८,०००. साध्या कार्बन पॉटच्या माहितीपत्रकात आयुष्य दिलेलं असतं ते १० ते १५ हजार फेऱ्यांचं. प्रत्येक वेळी पाय पूर्ण फेरी करत नाही हे खरं, पण त्यातच खरी गोम आहे: तो कार्बनच्या पट्ट्याचा मधला तेवढाच भाग घासत राहतो. कडेचा पट्टा नवाकोरा आणि मधे चाकोरी पडलेली. म्हणून खरखर नेहमी पायाच्या अर्ध्या वाटेवर येते. टाच पूर्ण मागे किंवा पंजा पूर्ण खाली, दोन्हीकडे शांत.

सरांचं पेडल त्यांच्या मेहुण्याने १९८४ साली अमेरिकेहून आणलेलं होतं. अ‍ॅल्युमिनियमचं, चांगलं जड. आत दातेरी पट्टी नाही. पायपट्टीला बांधलेली दोरी पॉटच्या दांड्यावरच्या छोट्या कप्पीला वेढे घेऊन पलीकडे स्प्रिंगला अडकवलेली. पॉट अ‍ॅलन-ब्रॅडली कंपनीचा, बंद डबीतला, ५०० के, म्हणजे ५०० किलोओहमचा. असे पॉट आता सहज मिळत नाहीत. सर गेले तेव्हा वहिनींनी गिटार आणि पेडल माझ्या हातात दिलं. वीस वर्षं मी ते वाजवलं आणि कुरकूर म्हणून नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. गिटार, कागदपत्रं, देव आणि औषधं घेऊन आम्ही बाहेर पडलो. पेडल पलंगाखालीच राहिलं. बारा दिवसांनी परत आलो तेव्हा त्यात बोटभर गाळ होता. तो गाळ आधी साध्या आणि मग शुद्ध पाण्याने धुऊन काढला, पंख्याखाली चार दिवस वाळवलं, स्प्रिंग बदलली. वाजायला लागलं! पण पॉटमध्ये ओल शिरली ती शिरलीच. वर्षभरात खरखर सुरू झाली.

पहिला उपाय सगळेच करतात तो केला, पॉट साफ करायचा फवारा मारला. आठ दिवस शांतता. परत फवारा, मग चार दिवस. इथे सांगण्यासारखं हे की फवारा मळ काढतो, झिजलेला कार्बन परत आणत नाही. शिवाय काही फवारे पॉटमधलं वंगणही धुऊन नेतात, मग उरलेला पट्टा आणखी लवकर जातो. एकदा मारून बघायला हरकत नाही. दुसऱ्यांदा मारायची वेळ आली की पॉट बदलायचा, इतकं साधं आहे ते.

पुढे एका गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या मंडपात मी एक अभंग वाजवत होते. अंतऱ्याच्या वरच्या षड्जावर पाय नेला आणि आवाज दोनदा तुटून परत आला. समोर बसलेल्या बायका माझ्याकडे काळजीने बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात गेले. ‘५०० केचा कंट्रोल द्या,’ म्हटलं. त्यांनी डब्यातून एक काढून दिला. मी विचारलं, लॉग आहे ना? ‘सगळे सारखेच असतात,’ असं उत्तर आलं. पॉटवर ‘बी ५०० के’ लिहिलेलं होतं. घाईत मी ते घेऊन आले आणि बसवलं. खरखर गेली आणि पेडल निकामी झालं. पंजा जरासा दाबला की आवाज एकदम उसळायचा आणि पुढच्या सगळ्या वाटेत जवळजवळ काही फरकच पडायचा नाही. स्वर हळूहळू उभा करणं अशक्य. दोन संध्याकाळ मी दोरीचे वेढे बदलत बसले, कारण मला वाटलं माझंच काही चुकतंय.

चूक पॉटची होती. तो लिनियर होता. लिनियरमध्ये रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सगळीकडे सारख्या प्रमाणात वाढतो. आपल्या कानाचा हिशेब तसा नाही, बारीक आवाजातला छोटा फरक कानाला मोठा वाटतो. म्हणून आवाजासाठी लॉग पॉट बनवतात, त्यात रोध सुरुवातीला अगदी संथ आणि शेवटी भराभर वाढतो. हल्ली तैवान, चीन, जपानहून येणाऱ्या पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनियर. काही जुन्या युरोपीय मालावर मात्र ‘ए’ म्हणजेच लिनियर असायचं, म्हणून अक्षरावर विसंबू नये. दुकानातच रोध मोजायचा मीटर मागावा. दांडा बरोबर मध्यावर आणून मधला पाय आणि सुरुवातीच्या बाजूचा पाय यांच्यात मोजावं. ५०० केच्या पॉटला २५० केच्या आसपास दाखवलं तर तो लिनियर, परत द्या. ५० ते ७५ के दाखवलं तर लॉग, घ्या. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं. दुकानदारांनी स्वतः हे करून दिलं तर किती लोकांची किती वाद्यं वाचतील! माझी त्यांच्याबद्दल तक्रार एवढीच आहे की ‘सगळे सारखेच’ असं सांगू नका. सारखे नसतात.

आकडाही महत्त्वाचा. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या भागातून, येणारा विजेचा संदेश नाजूक असतो. तिथे २५ केचा पॉट लावला तर आवाज बोथट होतो, तारेची चमक जाते. २५ के चालतो तो मधे हा संदेश वाढवणारा बॅटरीवरचा प्रीअँप असेल तर. गिटारची वायर सरळ पेडलमध्ये जात असेल तर ५०० के घ्यावा, काही पेडलमध्ये २५० के असतो. जुन्या पॉटवर लिहिलेलं वाचून तोच आणावा हे सगळ्यात बरं.

लॉग पॉट मला शेवटी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळाला. एसटीला महिलांना अर्धं तिकीट, तरी तिकिटाचे पैसे पॉटपेक्षा जास्त झाले. घरी आल्यावर नवी अडचण. जुन्या पॉटचा दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. नव्याचा ६. कप्पी सैल बसायला लागली. तांब्याच्या पातळ पत्र्याची पट्टी कापून दांड्याभोवती गुंडाळली तेव्हा ती घट्ट झाली. पॉट आणायला जाणाऱ्याने जुना पॉट आणि कप्पी खिशात घेऊन जावं.

बदलण्याची रीत सांगते, कारण तासगावच्या बंधूंच्या पत्रात ‘आमच्याकडे कुणाला येत नाही’ असं वाक्य होतं. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा, दोरीचा वेगळा आणि तिन्ही वायरींचा वेगळा. दोरी कुठल्या बाजूने येऊन किती वेढे घेते हे एकदा सुटल्यावर आठवत नाही. वायरींत एक गिटारकडून येणारी, मधल्या पायावरची अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी, तिसरी अर्थिंगची. बाहेरच्या दोन पायांची अदलाबदल झाली तर पेडल उलटं चालतं, टाच मागे घेतली की आवाज मोठा. २५ वॉटचं सोल्डरिंगचं आयर्न पुरतं. टोक चांगलं तापवून प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंदच टेकवायचं, कारण तो पाय आत कार्बनच्या पट्ट्याला जोडलेला असतो आणि जास्त उष्णतेने नवा पॉट बसवतानाच बिघडतो. आमच्या खात्यात नव्या मुलांना मी हेच पहिल्या दिवशी शिकवायचे.

दोरीसाठी मी आधी नायलॉनचा तंगूस वापरला. तो ताणतो आणि कप्पीवरून घसरतो. मासेमारीच्या सामानात मिळणारी बारीक विणलेली दोरी चांगली, ती पकड धरते. आणि कप्पीचा बारीक स्क्रू आवळण्याआधी एक गोष्ट नक्की बघायची: टाच पूर्ण मागे आणि पंजा पूर्ण खाली, दोन्ही टोकांना पायपट्टी रबरावर टेकली पाहिजे, आणि पॉट त्याच्या स्वतःच्या शेवटापर्यंत जायला थोडा बाकी राहिला पाहिजे. नाहीतर सगळ्या शरीराचा भार पॉटमधल्या त्या चिमुकल्या अडणीवर येतो आणि ती तुटते किंवा दोरी तुटते. मी हे जुळवायला तासभर घेतला. तो तास वाया गेला नाही, तेव्हापासून पेडल बिनतक्रार चालू आहे.

नवा पॉट घालूनही खरखर राहिली तर? माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत तसं झालं. तिने पॉट दोनदा बदलला. मी मीटर लावला तर पेडलच्या वायरीवर थोडा डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा व्होल्टेज सापडला, आवाजात बदल करणाऱ्या मधल्या एका इफेक्टच्या डबीतला डीसी अडवणारा कपॅसिटर गळत होता. पॉटवर डीसी आला की कोरा पॉटही खरखरतो. डबी काढली, पेडल शांत.

संपादक महोदय, एका पेडलसाठी इतकं लिहिण्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला फार अभिमान आहे. तिथे कुठून कुठून लोक तंबोरा घेऊन येतात, कशासाठी? जवारी काढून घ्यायला. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर घासून घासून चर पडतात, आस बसते, आवाज खरखरतो. कारागीर घोडी घासून सारखी करतो, दोरा सरकवतो आणि तंबोरा परत बोलायला लागतो. जवारी गेली म्हणून तंबोरा भंगारात द्या, असं मिरजेत कुणी म्हणेल का? मग पॉटचा पट्टा घासला म्हणून गिटारचं पेडल भंगारात का जावं? दोन्हीकडे झीज तीच आहे, स्वर जिथे घडतो त्याच जागेची.

म्हणून मिरजेच्या तरुण कारागिरांना मी हे मनापासून सुचवते की जवारीच्या कानसांशेजारी एक आयर्न आणि एक मीटर ठेवा. हवाईयन गिटार आणि ऑर्केस्ट्राच्या जमान्यातले पेडल, अ‍ॅम्प्लिफायर आपल्या गावोगावच्या माळ्यांवर अजून आहेत. कान तुमच्याकडे आहेच, उरलेलं पंधरा दिवसांत येतं. शिकवायला मी तयार आहे, पैसे नकोत. जिल्ह्यातल्या आयटीआयमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांनाही विनंती, पॉट शिकवताना एकदा मुलांना जुनं पेडल उघडून द्या. वायपर कशाला म्हणतात ते फळ्यावरच्या चित्रापेक्षा पट्ट्यावरची चाकोरी बघून लवकर कळतं.

तासगावच्या बंधूंना माझा पत्ता आपल्या कार्यालयातून द्यावा, माझी हरकत नाही. ५०० केचे दोन लॉग पॉट माझ्याकडे मोजून ठेवलेले आहेत. त्यांनी येण्याआधी पेडल उघडू नये, दोरी आहे तशी मला बघायची आहे. आणि येताना वडिलांची गिटार, रूळ आणि नख्या आणाव्यात, मुलीलाही आणावं. पॉट बसल्यावर त्या पेडलवर पहिला पाय तिचा पडू दे.

आपली नम्र,
हवाईयन गिटार वाजवणारी एक वाचक,
गावभाग, सांगली